डर्बी: आंग्र्यांनी धरलेलं कंपनीचं जहाज

बीडहून समुद्र गाठायचा म्हणजे अर्धा महाराष्ट्र ओलांडायचा. तरी आज मी तुम्हाला थेट कोकण किनाऱ्यावर नेतोय, डिसेंबर १७३५ मध्ये.

ईस्ट इंडिया कंपनीचं 'डर्बी' जहाज इंग्लंडहून मुंबईला येत होतं. जहाज व्यापारी, पण तोफा चढवलेलं, कारण पोटात मुंबईच्या व्यापारासाठीचं सोनं होतं. मुंबई जवळ आली आणि संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने त्याला गाठलं. हे संभाजी म्हणजे कान्होजींचे पुत्र, बरं का!

आता एवढं मोठं जहाज हरलं कसं? डर्बीच्या बहुतेक तोफा दोन्ही बाजूंना, मागे अगदी थोड्या. शिवाय सगळा भरवसा शिडांवर. वारा पडला की जहाज जागच्या जागी. आंग्र्यांची गलबतं मात्र वल्ह्यांवरही चालायची. ती गुराबांना ओढून मागच्या बाजूला आणायची आणि मारा डोलकाठ्यांवर व्हायचा. जहाज बुडवायचं नाही, पांगळं करून ताब्यात घ्यायचं. डर्बी अशीच सापडली. सोनं गेलं, दारूगोळा गेला, खलाशी कैद झाले.

इंग्रजी पुस्तकांत आंग्रे 'चाचे' आहेत. मला हे पटत नाही. आंग्रे परवाना मागायचे, तो नसलेलं जहाज धरायचे. पण स्वतःचे परवाने कंपनीही देत होतीच की! मग चाचा कोण, हे ठरवणार कोण?

घात मात्र घरातूनच झाला. १७२९ मध्ये कान्होजी गेले, पुढे संभाजी आणि मानाजी या भावांत फूट पडली. नंतरचे तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. जाळणारे इंग्रज, पण बोलावणारे आपणच.

सातच वर्षांनी, १७६३ मध्ये, आपल्या गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवलं. गोदाकाठी मराठे जिंकत होते. पण समुद्रावर कंपनीला अडवणारं, आंग्र्यांच्या तोडीचं आरमार आता उरलं नव्हतं.

राक्षसभुवनची लढाई पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि चाचा कोण, ते मला नक्की कळवा!