उन्हाचा चटका आणि पेशीतील घडीचा कारखाना

मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातील धानोऱ्याच्या रानात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. माणसे पहाटेच पाने तोडायला निघतात, म्हणजे ऊन तापायच्या आत परतता येते. तेंदूच्या झाडाला ही सोय नाही. त्याच्या पानातील पेशी भर उन्हात जागेवरच तग धरून राहतात. ते त्यांना कसे जमते? या प्रश्नाचा इतिहास एका चुकीपासून सुरू होतो.

उष्णतेचा मोठा घाव प्रथिनांवर बसतो. प्रथिन म्हणजे ठरावीक घडी घातलेला लांब धागाच. उष्णतेने घडी उलगडते आणि धागे एकमेकांत गुंततात. अंड्याचा पांढरा भाग उकळत्या पाण्यात घट्ट होतो तो यामुळेच.

१९६० च्या सुमारास इटलीत फेरुचो रितोसा फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रे पाहत होते. जिथे जनुक जोरात काम करते तिथे या गुणसूत्रांवर फुगवटा येतो. एकदा कोणा सहकाऱ्याने उबवणपेटीचे तापमान वाढवले आणि रितोसांना भलत्याच जागी फुगवटे दिसले. नमुना फेकून न देता त्यांनी मुद्दाम तापमान वाढवून पाहिले. तेच फुगवटे पुन्हा आले. डायनायट्रोफिनॉल या रसायनानेही तेच घडले. हे रसायन तंतुकणिकांतील, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातील, ऊर्जानिर्मिती बिघडवते. या निरीक्षणाला जीवशास्त्रात महत्त्व नाही, असे म्हणून एका नावाजलेल्या नियतकालिकाने निबंध परत केला. अखेर १९६२ साली तो ‘एक्स्पेरिएन्शिया’त छापून आला. या धक्क्याने पेशी नवी प्रथिने बनवते, हे १९७४ साली अमेरिकेत ॲल्फ्रेड टिसिएर व सहकाऱ्यांनी दाखवले.

यांतील एक प्रथिन पुढे तंतुकणिकेत सापडले. टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाला उष्णता दिली की तंतुकणिकेतील एक नेहमीचेच प्रथिन जास्त प्रमाणात तयार होते, असे १९८७ साली मॅकमलिन व हॉलबर्ग यांना आढळले. आज त्याला एचएसपी-६० म्हणतात. त्याचे काम १९८९ साली आर्थर हॉर्विच, उलरिख हार्टल व सहकाऱ्यांनी यीस्टमध्ये उलगडले. तंतुकणिकेची बहुतेक प्रथिने बाहेर बनतात आणि उलगडलेल्या धाग्यासारखी आत ओढली जातात. हे प्रथिन बिघडलेल्या यीस्टमध्ये धागे आत येत, पण त्यांची घडीच बसत नसे. एचएसपी-६० चे सात-सात रेणू कडे करून बसतात. त्या पोकळीत एकेक धागा इतरांत न गुंतता आपली घडी घालतो.

म्हणजे हे प्रथिन केवळ संकटकाळचे नाही. रोजचाच कारागीर उन्हाळ्यात जास्त संख्येने कामावर येतो, इतकेच. तंतुकणिकेत बिघडलेली प्रथिने साचली की केंद्रकाला निरोप जातो आणि असे कारागीर बनवणारी जनुके जागी होतात, हे २००२ साली ऑस्ट्रेलियातील निकोलस होगेनराड यांच्या गटाने सस्तन प्राण्यांच्या पेशींत दाखवले.

या संरक्षणालाही मर्यादा आहे. म्हणून मुलांना सावली आणि पाणी हवेच. आपल्यासाठी मात्र आणखी एक धडा आहे. विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीत भलतेच उत्तर आले, तर त्यावर लाल रेघ मारण्याआधी आपण एकदा विचारू या : त्या वेळी नेमके काय बदलले होते?