सरकारवाडा (नाशिक)

नाशिक शहरातील पेशवेकालीन वाडा व राज्य संरक्षित स्मारक. जुन्या नाशकात, गोदावरीच्या उजव्या काठाजवळ, सराफ बाजारात तो उभा आहे. काळ्या दगडाचे उंच जोते, त्यावर चढणाऱ्या पायऱ्या आणि वर नक्षीदार लाकडी खांब अशी त्याची बांधणी आहे. अठराव्या शतकात नाशकात नारोशंकराचे (१७४७) व सुंदरनारायणाचे (१७५६) मंदिर उभे राहिले. पेशवे घराण्यातील राघोबादादांचे वास्तव्य आनंदवल्लीस, तर गोपिकाबाईंचे गंगापुरास असल्याने तीर्थक्षेत्राला राजकीय वजनही आले. सरकारवाडा हा त्याच भरभराटीच्या काळातला.

१८१८ मध्ये नाशिक इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि वाड्याचा धनी बदलला. सरकारी कामकाज मात्र वाड्यातून हलले नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्रजांनी पुण्याजवळ गणेशखिंडीत गव्हर्नरासाठी उंच मनोऱ्याचा प्रासाद बांधला (तिथे १९४९ पासून विद्यापीठ आहे). नाशकात त्यांनी पेशव्यांच्याच वाड्यावर भागवले. वेगवेगळ्या काळात इथे कचेऱ्या होत्या, पोलीस ठाणे होते आणि १८४० मध्ये ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणून सुरू झालेले सार्वजनिक वाचनालयही होते. वाचनालय पुढे टिळक पथावरील स्वतःच्या इमारतीत गेले. ठाणेही हलले, पण त्याचे नाव आजतागायत सरकारवाडा पोलीस ठाणे असेच आहे. पुढे वाडा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आला. दुरुस्तीनंतर तिथे विभागाचे कार्यालय व संग्रहालय आले.

वाडा टिकला तो या सततच्या वापरामुळे, कुणाच्या इतिहासप्रेमामुळे नव्हे, असे मानण्यास जागा आहे. त्याचे श्रेय उंच जोत्याला द्यावे, असे कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले, यावर नाशिककर गोदेचा पूर मोजतात आणि पाणी सरकारवाड्याच्या पायऱ्यांना लागले की महापूर समजतात. गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले, तरी १९६९ व २००८ च्या पुरांनी या पायऱ्या गाठल्याच. पण जोते खालून येणारे पाणी अडवते, वरून पडणारे नाही. लाकडी वाड्याचा घात छतातून होतो: गळती लागते, तुळईचे टोक कुजते, माती धुपून भिंत फुगते. जुन्या नाशकातले कितीतरी वाडे असेच पावसाळ्यात बसले, कारण वाटण्या आणि भाडेकरूंचे तंटे यांत छताची डागडुजी कुणीच केली नाही. ज्या छताखाली सरकारी दप्तर ठेवलेले असते ते गळू देऊन चालत नाही. दप्तर भिजण्याच्या धाकानेच लाकूडही वाचले.

दुसरा आक्षेप शनिवारवाड्याचा. तोही इंग्रजांच्या वापरात होता, तरी १८२८ च्या आगीत जळाला. ती आग आठवडाभर धुमसत होती. म्हणजे वापर हे आगीवरचे कवच नव्हे, हे कबूल. मात्र त्या आगीनंतर दगडी तट आणि दरवाजे राहिले नि आतली वस्ती गेली ती गेलीच. सरकारवाड्यावर असा एकाच वेळी सारे नेणारा प्रसंग ओढवला नाही, हे त्याचे नशीब; रोजची झीज थोपवली गेली ती मात्र वापरामुळे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: राहत्या वाड्याची कचेरी झाली की कोणत्या दालनात कोण वावरत असे, हे ओळखता येत नाही. हे नुकसान खरे आहे आणि कोणत्याही दुरुस्तीने ते भरून येणार नाही. तरीही खोल्यांची ओळख पुसलेला उभा वाडा, नुसते जोते उरलेल्या वाड्यापेक्षा अभ्यासकाला अधिक सांगतो.

या दृष्टीने संग्रहालय हा वाड्याचा योग्य वापर आहे. अट एवढीच की दारे नियमित उघडी राहावीत आणि छताची डागडुजी दरवर्षी मृगापूर्वी उरकावी.