स्मार्ट प्लग म्हणजे काय? गिझर लावण्याआधी काय तपासावे?

घरातील दिवे आणि उपकरणे मोबाइलवरून किंवा आवाजाने चालू-बंद करण्याच्या सोयीला होम ऑटोमेशन म्हणतात. त्याची सर्वात सोपी सुरुवात म्हणजे स्मार्ट प्लग. तो भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसतो आणि उपकरणाची पिन त्यात लावली जाते. आतील वाय-फाय चिपला ॲपकडून आदेश मिळाला की रिले वीजप्रवाह जोडतो किंवा तोडतो. बहुतेक प्लग 2.4 गिगाहर्ट्झ वाय-फायवरच चालतात.

किती अँपिअरचा घ्यावा?
उपकरणावर लिहिलेल्या वॅटला 230 ने भागा. 9 वॅटच्या एलईडी दिव्याला अगदी नगण्य प्रवाह लागतो, तर 2000 वॅटच्या गिझरला सुमारे 8.7 अँपिअर. असा गिझर 6 अँपिअरच्या प्लगवर चालवला तर प्लग तापून वितळू शकतो, आगही लागू शकते. गिझर आणि एसीसाठी 16 अँपिअरचाच प्लग घ्यावा. भिंतीवरचे सॉकेट आणि वायरिंगही तेवढ्याच क्षमतेचे हवे.

लाइट गेल्यावर काय होते?
लाइट परत आल्यावर प्लग बंद राहील की आपोआप चालू होईल, हे ॲपमधील सेटिंगवर ठरते. गिझरसाठी ते ‘बंद’ ठेवावे आणि टायमरही लावावा. इस्त्री मात्र स्मार्ट प्लगवर लावू नये. घरात कोणी नसताना ती चुकून चालू होऊ शकते.