कारलाइलचा संघ : 1912 चा हंगाम

विद्यार्थी मित्रहो, फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोल चेंडू आणि गोलरक्षक उभा राहतो. अमेरिकेतील फुटबॉल निराळा. तेथे चेंडू लांबट असून तो काखेत धरून पळावयाचे आणि प्रतिपक्षाने पळणाऱ्याला मिठी मारून पाडावयाचे. आपल्या हुतूतूतील पकड आठवा, म्हणजे निम्मा खेळ समजला. चेंडूसह शेवटची रेषा ओलांडली की ‘टचडाऊन’. 1912 पासून त्याचे सहा गुण मिळू लागले. त्याच वर्षी एका शाळेच्या संघाने मोठमोठ्या कॉलेजांना धूळ चारली. त्या संघाची ही हकीकत आहे.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील कारलाइल गावी 1879 साली रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने घोडदळाच्या जुन्या बराकीत ही शाळा काढली. आपल्या जुन्या पुस्तकांत ज्यांना ‘रेड इंडियन’ म्हटले आहे, त्या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची मुले दूरदूरच्या प्रदेशांतून आगगाडीने येथे आणीत. आल्याबरोबर केस कापीत, इंग्रजी नाव देत. मातृभाषेत बोलणाऱ्यास शिक्षा होई. मुलातील ‘इंडियन’ मारावा आणि माणूस वाचवावा, हे प्रॅटचे उघड धोरण होते. पालकहो, शिक्षण देण्याच्या नावाखाली हे चालले होते, हे ध्यानी घ्या. शिकवीत काय? अर्धा दिवस अक्षरओळख व गणित, अर्धा दिवस सुतारकी, लोहारकी, शिवणकाम. कित्येक मुले आजारपणाने तेथेच दगावली व शाळेच्याच दफनभूमीत पुरली गेली.

अशा या शाळेत फुटबॉल मात्र बहरला. ती नावाने शाळा असली तरी खेळाडू वयाने कॉलेजच्या मुलांएवढे असत आणि सामनेही कॉलेजांशीच होत. शिक्षक होते ग्लेन वॉर्नर. त्यांना सारे ‘पॉप’ म्हणत. कारलाइलची मुले अंगाने लहान, म्हणून वॉर्नरनी वेग, हुलकावणी व युक्ती यांवर भर दिला. 1911 साली या संघाने हार्वर्डसारख्या विद्यापीठाला 18-15 असे हरविले, तेव्हा देशभर चर्चा झाली.

1912 च्या उन्हाळ्यात या संघातील जिम थॉर्प स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदके जिंकून आला आणि शरद ऋतूत पुन्हा संघाबरोबर मैदानात उतरला. चौदा सामन्यांपैकी बारा जिंकले, एक बरोबरीत सुटला, एक गमावला. व्हिलानोव्हाविरुद्ध 65-0, सिराक्यूजविरुद्ध 33-0. एकट्या थॉर्पने हंगामात किमान 25 टचडाऊन केले. बहुतेक सामने परगावी होते, कारण तिकिटांचे उत्पन्न तेथेच. म्हणजे मुलांचे शनिवार-रविवार आगगाडीतच जात!

पण खरा सामना 9 नोव्हेंबरचा. ठिकाण वेस्ट पॉइंट, अमेरिकेच्या लष्करी अधिकाऱ्यांचे विद्यालय. वुंडेड नी येथे लष्कराने लाकोटा स्त्रीपुरुषांची व मुलांची कत्तल केली, त्याला त्या दिवशी बावीस वर्षेही झाली नव्हती. समोरच्या मुलांच्या बापजाद्यांनी तुमच्या बापजाद्यांशी लढाया केल्या आहेत, याची आठवण वॉर्नरनी मुलांना करून दिली, असे गस वेल्च या खेळाडूने पुढे सांगितले. आठवण करून द्यावी लागली असेल, असे मला वाटत नाही. पहिला टचडाऊन लष्कराचा झाला. नंतर मात्र कारलाइलच्या मुलांनी त्यांना हलू दिले नाही. लष्कराच्या कर्णधाराचा तोल सुटला, त्याला पंचांनी मैदानाबाहेर काढले. थॉर्पला अडविण्याचे ज्यांना जमले नाही त्यांत एक तरुण होता ड्वाइट आयसेनहॉवर, म्हणजे 1953 साली झालेले राष्ट्राध्यक्ष. निकाल 27-6.

पुढच्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने याच संघाला 34-26 असे हरविले. खेळात असे होतेच.

त्यानंतर जे घडले ते अधिक महत्त्वाचे. थॉर्पने पूर्वी उन्हाळी सुटीत किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचे 1913 च्या जानेवारीत उघड झाले व त्याची पदके काढून घेतली गेली. पदकांच्या प्रतिकृती 1983 साली त्याच्या मुलांच्या हाती पडल्या. तो स्वतः 1953 साली वारला होता. एकटा अव्वल विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा नोंदले गेले ते तर 2022 साली.

आणि 1914 साली शाळेच्या मुलांनीच सरकारकडे अर्ज केला. दोनशेहून अधिक सह्या होत्या. पुढाकार घेणारा कोण? तोच गस वेल्च, 1912 च्या हंगामात चाली ठरवून संघ खेळविणारा. चौकशी समिती आली. जेवण अपुरे, मारहाण, वॉर्नरची शिवीगाळ, तिकिटांच्या पैशांचा वेगळा फंड, हे सारे मुलांनी समितीपुढे सांगितले. ज्या शाळेला आपण चषक मिळवून दिले, तिचाच हिशेब मागणे सोपे नव्हते. मी नववीच्या वर्गात हे सांगतो तेव्हा मुले पदकांविषयी विचारतात, या अर्जाविषयी क्वचितच. मुख्य अधिकाऱ्याला जावे लागले आणि पुढे वॉर्नरही पिट्सबर्गला गेले.

वेल्च वकील झाला. शाळा 1918 साली बंद पडली व बराकी पुन्हा लष्कराकडे गेल्या. तेथील दफनभूमीतील मुलांचे अवशेष 2017 पासून त्यांच्या कुटुंबांकडे व जमातींकडे परत नेण्यास सुरुवात झाली.