सगळेच 'जॉर्ज'

हमाल, खलाशी, मुकादम हे अरबी मुळाचे शब्द आपल्याकडे स्टेशनावर सहज कानी पडतात. हे शब्द माणसाचे काम सांगतात. त्याचे स्वतःचे नाव हिरावून घेत नाहीत. अमेरिकेच्या रेल्वेबोलीत मात्र एक शब्द असा होता, की ज्याने हजारो माणसांची नावेच पुसून टाकली.

ती बोली तशी मोठी गमतीची. चाकाच्या आसाची पेटी वंगण आटून तापली, की 'हॉटबॉक्स'. जुन्या काळी खांबावर गोळा वर चढवला, की मार्ग मोकळा असे समजायचे. पुढे सिग्नल बदलले, पण गाडी सोडण्याचा इशारा 'हायबॉल'च राहिला. पहारींनी रूळ सरकवणारे मजूर म्हणजे 'गँडी डान्सर'. दक्षिणेतल्या या टोळ्यांत बहुतेक काळे मजूर असत. एक जण गाणे म्हणायचा आणि त्या तालावर सगळे मिळून जोर लावायचे. शिकागोच्या गँडी नावाच्या अवजार कंपनीवरून हा शब्द आला असे सांगतात, पण अशा कंपनीचा पुरावा संशोधकांना मिळालेला नाही.

'जॉर्ज' या शब्दाचे मूळ मात्र सर्वांना ठाऊक होते. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. १८६७ मध्ये जॉर्ज पुलमनने शयनयान डब्यांची कंपनी काढली आणि पोर्टर म्हणून मुक्त झालेल्या गुलामांना नोकरीवर घेतले. बिछाने घालायचे, सामान उचलायचे, बूट चमकवायचे आणि बक्षिशीवर घर चालवायचे. गोरे प्रवासी प्रत्येकाला 'जॉर्ज' अशीच हाक मारीत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायचे, ती जुनी रीत डब्यात जिवंत राहिली.

१९१४ मध्ये जॉर्ज ड्युलेनी या गोऱ्या लाकूड व्यापाऱ्याने पोर्टरांना 'जॉर्ज' म्हणू नये यासाठी थट्टेने एक संस्था काढली. गोऱ्या 'जॉर्ज' मंडळींना आपल्या नावाची काळजी होती. पोर्टरच्या इज्जतीचा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

तो प्रश्न पोर्टरांनी स्वतःच उचलला. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्यांची संघटना उभी राहिली आणि ए. फिलिप रँडॉल्फ तिचे अध्यक्ष झाले. कामावरून काढून टाकणे, हेरगिरी, धमक्या हे सगळे सोसून बारा वर्षांनी, १९३७ मध्ये, कंपनीला करार करावा लागला. महिन्याचे कामाचे तास सुमारे ४०० वरून २४० वर आले.

याच बिरादरीतले ई. डी. निक्सन १९५५ च्या माँटगोमेरी बस बहिष्काराचे एक प्रमुख संघटक होते. १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चाही रँडॉल्फ यांच्याच नेतृत्वाखाली निघाला.

'हॉटबॉक्स', 'हायबॉल' हे शब्द आजही रेल्वेच्या आठवणीत आहेत. 'जॉर्ज' ही हाक मात्र उरली नाही. काही शब्द काळाच्या ओघात मरतात, काही माणसांना झगडून मारावे लागतात.