एका हाताचा शिपाई

मॅक्झिम गॉर्कीचे खरे आडनाव पेश्कोव्ह. हे आडनाव त्याने आणखी एका माणसाला दिले. मी गॉर्कीचा जुना वाचक. पण या माणसाची हकीकत मला त्याच्या कथांहूनही विलक्षण वाटत आली आहे.

निझ्नी नोव्हगोरोदच्या एका ज्यू कारागिराचा हा मुलगा, झिनोव्ही. १९०२ साली तो ख्रिस्ती झाला, तेव्हा गॉर्की त्याचा धर्मपिता झाला. पुढे देश सोडून तो कॅनडा, अमेरिका, इटली असा भटकला. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि तो फ्रान्सच्या 'फॉरिन लीजन'मध्ये, म्हणजे परकीयांच्या पलटणीत, दाखल झाला.

त्याच्यासारखे कितीतरी रशियन त्या वेळी फ्रान्समध्ये होते. झारच्या पोलिसांना चुकवून आलेले क्रांतिकारक, विद्यार्थी, शिवणकाम करणारे गरीब ज्यू. १७८९ साली ज्या देशाने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, त्याच्यासाठी लढायला ते आपण होऊन पुढे आले. परंतु परक्याला दार उघडे होते ते लीजनचेच. तिथल्या मुरलेल्या हवालदारांनी त्यांना पोटार्थी म्हणून हिणवले. जून १९१५ मध्ये काहींनी 'आम्हाला साध्या फ्रेंच पलटणीत पाठवा' असा हट्ट धरला. बंडाचा आरोप आला आणि त्यांतल्या काही जणांना गोळ्या घातल्या गेल्या. ज्या झेंड्यासाठी मरायला आले, त्याच झेंड्याखाली मारले गेले!

त्याच वर्षी ९ मे रोजी, आरासजवळच्या लढाईत झिनोव्हीने उजवा हात गमावला होता. तरी त्याने फ्रान्सची चाकरी सोडली नाही. इकडे रशियात १९१७ साली क्रांती झाली आणि त्याचा सख्खा धाकटा भाऊ याकोव्ह स्वेर्दलोव्ह सोव्हिएट राज्याचा प्रमुख झाला. एकाच आईच्या पोटचे दोघे. एकाने जुने राज्य उलथले, दुसऱ्याने परक्या राज्याचा गणवेष मरेपर्यंत आपला मानला. १९२५ साली तो मोरोक्कोत लढला. दुसऱ्या महायुद्धात द गॉलच्या बाजूला राहिला, जनरल झाला, जपानमध्ये फ्रान्सचा वकील म्हणून गेला.

१९६६ साली तो पॅरिसमध्ये वारला. थडग्यावर पदव्यांची रांग नाही. नावाबरोबर 'लीजनचा शिपाई' एवढीच ओळख. जन्माचे आडनाव, धर्म, देश, सारे सुटलेल्या माणसाने स्वतः कमावलेली ही ओळख. पण ती वाचताना जून १९१५ मधले ते अभागीही मला आठवतात. शिपाई तेही त्याच लीजनचे होते.