शंखातलं कूळ

खेकडा दिसला की आमच्या किनारपट्टीत पहिला प्रश्न एकच, ‘कालवणाचा आहे का?’ कालवणाचा असला तर त्याला नाव आहे, भाव आहे, नर की मादी याचीही चौकशी आहे. शंखात राहणाऱ्या खेकड्याला यातलं काहीच नाही. रापण ओढली की तो हमखास येतो. मासे वेचून झाले, की उरलेल्या कचऱ्यातून आपला शंख ओढत तो पाण्याकडे चालू लागतो. रापणकर म्हणतात, ‘ह्यो खावचो न्हय, सोडून दी तेका.’ झाली ओळख.

मागच्या मे महिन्यात पुतण्याचा मुलगा मुंबईहून आला होता. ओहोटीला त्याला मुठीपेक्षा मोठा शंख सापडला, आणि आत जिवंत जनावर. ‘आजोबा, हा कुठला खेकडा?’ मी म्हटलं, आधी शंख विसर. शंख बघून सांगायला गेलास तर गोगलगायीचं नाव सांगशील. घर तिचं होतं, राहणारा दुसराच आहे.

उथळ पाण्यात तो शंख ठेवून आम्ही गप्प बसलो. ओढून काढायचं नाही. ओढलं तर तो तुटेल, पण शंख सोडणार नाही. थोड्या वेळानं मिशा आल्या, दांड्यावरचे डोळे आले, मग पाय. कुर्लीला नांग्या सोडून पायांच्या चार जोड्या मोजता येतात. याच्या दोनच बाहेर दिसतात. मागच्या दोन जोड्या बारक्या, शंख आतून धरून ठेवायला. पोटाला कवच नाही. ते मऊ असतं आणि शंखाच्या पिळाप्रमाणे वळलेलं. म्हणून तर परक्या घराची गरज. मग नांग्या बघायच्या. उजवी मोठी असली तर बहुधा एक घराणं, डावी मोठी किंवा दोन्ही सारख्या असल्या तर बहुधा दुसरं. आमच्या पाहुण्याची डावी मोठी होती.

या दुसऱ्या घराण्याला डायोजेनिसचं नाव आहे. डायोजेनिस हा ग्रीक तत्त्वज्ञ. घरदार सोडून अथेन्समध्ये एका मोठ्या रांजणात राहायचा म्हणतात. अमेरिकेच्या जेम्स डाना या शास्त्रज्ञानं १८५१ साली या खेकड्यांच्या एका गटाला त्याचं नाव दिलं. युरोपातल्या साध्या लोकांना याच्यात गुहेतला साधू दिसला, म्हणून इंग्रजीतही तो संन्यासीच झाला. त्याच्या कितीतरी आधी, सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलं होतं की हा जीव शंखाला चिकटलेला नसतो, आणि वाढला की मोठ्या शंखात जातो. नुसतं बघून लिहिलेलं, पण आजही खरं.

आपल्याकडच्या जातींची नीट नोंद कलकत्त्याला झाली. आल्फ्रेड अल्कॉक नावाचा इंग्रज डॉक्टर ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षणाच्या जहाजावर होता. पुढे तो कलकत्त्याच्या संग्रहालयाचा प्रमुख झाला आणि १९०५ साली त्यानं फक्त या शंखवाल्या खेकड्यांवर एक जाडजूड सूची छापली. कालवणाला न चालणाऱ्या जीवावर एवढं पुस्तक! आमच्या रापणकरांना सांगितलं तर ते हसले.

आम्हा नारळवाल्यांनी ध्यानात ठेवावा असा याचा एक भाऊबंद निकोबारकडच्या बेटांवर आहे. तो लहानपणी शंखात राहतो, मोठेपणी शंख सोडतो, चार किलोपर्यंत भरतो आणि नांगीनं नारळ फोडतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

पण संन्यासी हे नाव मला पटत नाही. संन्याशाला घराची काळजी नसते. याला जन्मभर तीच काळजी. शास्त्राच्या पुस्तकात कुळ म्हणजे घराणं. तलाठ्याच्या दप्तरात कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. माझे वडील कूळ होते. भाताचा खंड घालून उरेल ते घरात. १९४८ चा कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, तरी ३२-म चं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत ते दरवर्षी विचारायचे, ‘यंदा राहू ना आपण?’ शंखातल्या खेकड्याला असला कायदा नाही. शंख त्याला बनवता येत नाही. गोगलगाय मेली की रिकामा होईल तेवढाच. वाढत्या अंगाला घर पुरेना झालं, की तो शोधत फिरतो. चांगला मोठा शंख सापडला तर कधीकधी लहान-मोठे खेकडे ओळीनं थांबतात. थोरला नव्यात शिरला की त्याचं जुनं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. एका रिकाम्या शंखावर चार-पाच बिऱ्हाडं हलतात.

आता ते शंख कमी दिसतात. आमच्याकडे घरोघर पर्यटक उतरतात, जाताना पिशवी भरून शंख-शिंपले नेतात. वर विकायलाही जातात. मागे राहतं प्लास्टिक. २०२४ साली शास्त्रज्ञांनी जगभरातले फोटो तपासले, तेव्हा जमिनीवर राहणाऱ्या सोळापैकी दहा जातींचे खेकडे बाटलीची बुचं आणि असलाच कचरा पाठीवर घेऊन फिरताना आढळले. हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर तर बाटल्यांत अडकून सुमारे पाच लाख खेकडे मेल्याचा अंदाज निघाला. आत शिरता येतं, गुळगुळीत भिंतीवरून बाहेर येता येत नाही. आणि एक मेला की त्याचा वास बाकीच्यांना सांगतो, घर रिकामं झालं. मग तेही आत जातात.

पुतण्याच्या मुलानं फोटो काढला, डावी नांगी नीट दिसेल असा, आणि शंख होता तिथेच ठेवला. पाहुण्यांना मी आता हेच सांगतो. फोटो न्या. जिवंत असेल तर हात लावू नका, आणि रिकामा शंख दिसला तर तोही राहू द्या. तो रिकामा म्हणजे बिनकामाचा नव्हे. त्याच्यासाठी कोणीतरी थांबलेलं असतं.